पावडरचा डबा

तारामतीचा चेहरा तुम्ही तीनदा परत पाठवलात, साहेब, आणि एकदाही मान वर करून तिच्याकडं पाहिलं नाहीत. ओळखपत्राच्या अर्जावर 'चेहरा स्पष्ट नाही', एवढाच शेरा. अकरा वर्षं शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईला चेहराच नाही, हे खिडकीच्या आत बसून ठरवायला तुम्हाला कुणी सांगितलं?

तोच कागद तारामतीनं शनिवारी दुपारी मिनाजच्या काउंटरवर आपटला. परंड्यातलं फोटो-झेरॉक्सचं एवढंसं दुकान. शाळेतल्या चुलीवरनं बाई तडक आलेली. पदराला अजून फोडणीचा वास होता.

"सोमवारी शेवटची तारीख हाय, मिनाज. ओळखपत्र न्हाय झालं तर माझं काम दुसऱ्या बाईला देणार हायेत. फोटू तरी नीट काढ, न्हायतर दुसरं तोंड दे मला."

मिनाजचा हात सवयीनं आरशाखालच्या पावडरच्या डब्याकडं गेला. सावळं गिऱ्हाईक आलं की आधी पावडर, मग फोटो. सासऱ्यांनी, चाँदपाशांनी घालून दिलेला रिवाज.

"ठेव तो डबा खाली!" तारामती कडाडली. "मागच्या टायमाला फासलीस, तर पिठाच्या गिरणीतनं आल्यागत दिसले. तरी परत आलाच की!"

मिनाज ओशाळली. तिन्ही फोटो तिनंच काढलेले. गळ्यातला कॅमेराही तिचाच, आयुष्यातला पहिला. तीन महिन्यांमागं धाराशिवहून जुना आणलेला. त्याच्या डोक्यावरचं चाक तेव्हापासून हिरव्या 'ऑटो'च्या, म्हणजे आपोआप फोटोच्या, खुणेवर होतं, आणि तिथंच गंजायला ठेवल्यासारखं बसलं होतं. "उस चक्री कू हात नको लगा, बेटी," सासऱ्यांनी बजावलेलं. "मशीन अपने से शानी है."

तिनं बटण दाबलं. पुन्हा तेच. पांढऱ्या पडद्यापुढं एक काळा गोळा.

तेवढ्यात पडद्याचा एका बाजूचा खिळा निसटला. पडदा लोंबकळला, मागची गडद निळी भिंत उघडी पडली, आणि दचकून मिनाजचं बोट पुन्हा दाबलं गेलं. तिनं स्क्रीन पाहिली आणि ओरडलीच,

"मावशी! हलू नका!"

"का गं? इंचू हाय का काय?"

तीच बाई, तोच दारातला उजेड, आणि या फोटोत मात्र नाक, डोळे, कपाळावरचं गोंदण, सगळं लख्ख!

"मावशी, खोट तुमच्या चेहऱ्यात न्हाईच! पांढरा पडदा दिसला की हा कॅमेरा डोळे बारीक करतो. उन्हात चुन्याच्या भिंतीकडं बघताना आपण करतो तसं. मग तुम्ही काळ्या दिसणारच!"

"काळी तर म्या हायेच," तारामती म्हणाली. "पर मला नाक-डोळेबी हायेत की."

"तेच काढते आता."

नियमात पडदा पांढराच हवा. मिनाजनं खिळा ठोकून तो पुन्हा ताणला. मग अंगठ्यानं ते चाक फिरवलं. कट्, कट्, कट्. हिरवी खूण गेली, 'एम' आला. आता मशीन काही सांगणार नव्हतं. जे करायचं ते तिलाच.

पहिला फोटो मिट्ट काळा.

"आता तर म्या सगळीच गेले!"

स्क्रीनवरचा आकडा पाचशे होता. म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भागच कॅमेऱ्याची झडप उघडी. मिनाजनं तो सरळ पंधरावर आणला. फोटोत नुसता पांढरा धूर.

"ही काय, कुकरची वाफ?"

"आता जास्त वेळ उघडी राहिली, मावशी. उजेड लई शिरला."

"म्हंजी तांदळागत! घाई केली की कच्चा, इसरलं की गिचका. मधी धर की पोरी!"

मिनाज खळखळून हसली. तिनं साठवर आणलं, कोपरं छातीशी आवळली, श्वास धरला. कट्.

दोघी स्क्रीनवर वाकल्या. गोंदण होतं, हनुवटीवरचा तीळ होता, भुवईवर वाफेनं पोळल्याचा जुना डाग होता. रंग तिचाच, मातीचा. तारामतीनं स्क्रीनवरच्या गोंदणाला बोट लावलं.

"आगं... ही तर हुबेहूब माझी आय."

मिनाजनं एकामागून एक तीस फोटो काढले. दाराशी उभ्या कुत्र्याचासुद्धा! नमाजहून आलेल्या चाँदपाशांना तिनं कॅमेरा दाखवला. म्हाताऱ्यानं तो डोळ्यांजवळ धरून तारामतीचा फोटो पाहिला.

"और मैं इत्ते साल सबकू पावडर लगाया," ते पुटपुटले, आणि त्यांनी डबा उचलून बाहेर उकिरड्यावर नेऊन टाकला.

सोमवारी दुकान सासऱ्यांवर सोडून मिनाज तारामतीसोबत कचेरीच्या खिडकीवर गेली. कॅमेरा गळ्यातच. साहेबांनी फोटो पाहिला, कॉम्प्युटर पाहिला आणि कागद परत सरकवला.

"जुन्या नोंदीतल्या फोटोशी जुळत नाही. ही बाई वेगळी दिसते."

मिनाजनं वाकून पाहिलं. जुन्या नोंदीत काळा गोळा होता. अकरा वर्षांपूर्वी सासऱ्यांनी एका बटणाच्या कॅमेऱ्यावर काढलेला, त्यांच्याच दुकानातला.

तारामती मात्र हलली नाही. तिनं नवा फोटो खिडकीच्या फळीवर पालथा ठेवला, पदर कानामागं खोचला आणि चेहरा गजांना लावला.

मिनाजनं कॅमेरा उचलला. साहेबांच्या पाठीमागं दुसरी उघडी खिडकी, बाहेर रणरणतं ऊन. स्क्रीनवर त्यांचाच चेहरा काळा गोळा. तिनं आकडा खाली आणला, आणखी खाली. हळूहळू साहेबांना नाक आलं, डोळे आले. डोळे कागदावरच होते.

"सायेब, फोटू ऱ्हाऊ द्या," तारामती म्हणाली. "म्या हितं हुबी हाय. वर बघा, आन् सांगा, म्या कोन?"