तुलसीरामची सम

या, जवळ सरकून बसा. एका कीर्तनाची गोष्ट सांगते, मन लावून ऐका.

अठ्ठ्याहत्तर सालचा गणपती. आमच्या बेटावरच्या रोझ बेल गावच्या देवळात माझी थोरली जाऊ विद्यावती कीर्तनाला उभी राहणार होती, झांजेला मी. साथीला तिनं तुलसीरामला बोलावलं. दोन लेकरांचा बाप तो; माएबूर्गजवळच्या हॉटेलात क्रेओल, म्हणजे इथल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. फंक मिसळलेला जॅझ.

मंडळाचे अध्यक्ष बाबूराव भडकले. "हॉटेलचं वाद्य देवळात? उद्या तीर्थाच्या पळीत रम द्याल!"

"तुमच्या घरची संपली की बघू, काका," विद्यावती म्हणाली.

"तो वाजवणार असेल तर पुढच्या वर्षी तुला कीर्तनाची गादी नाही. सांगून ठेवतो."

तुलसीराम गिटार गुंडाळायला लागला. "लेस ली, बाई. जाऊ द्या. माझ्यापायी कशाला?"

"बस खाली. हे संगीत आलं कुठून, ते सांग सगळ्यांना."

"अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून," तो चाचरत म्हणाला. "गुलामांची नातवंडं ती. पाद्री उपदेश करता करता गायला लागतो, लोक ओरडून साथ देतात. तेच जॅझमध्ये शिरलं. आणि फंकमध्ये कुणी कितीही भटको, पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र."

"अगो बाई, मग ते कीर्तनच की!" मी म्हटलं. "आणि ती आपली समच!"

विद्यावती उभी राहिली. तुलसीरामनं पहिल्या मात्रेवर अशी तार छेडली की जमिनीतून पायात चढली. बायका डोलायला लागल्या, मागची पोरं टाळ्यांवर आली.

पूर्वरंग संपला. रीतीप्रमाणे बाबूराव बुक्क्याचं तबक घेऊन आले. कीर्तनकाराला लावला, पेटीवाल्याला, मला. तुलसीरामला वगळून वळले.

"काका, एक साथीदार राहिला," विद्यावती गादीवरून म्हणाली.

बाबूरावांनी तबक छातीशी धरलं. नारदाच्या गादीवर उभ्या असलेल्याला उलट बोलायचं नाही, ही आमची रीत. विद्यावती पुढे गाईना. सगळं देऊळ टाळ्यांचा ठेका धरून वाट बघत राहिलं. शेवटी बाबूरावांनी तबक आपटलं आणि ते निघून गेले.

तिनं गादीवरून हात लांब केला, सांडलेला बुक्का चिमटीत घेतला आणि तुलसीरामच्या कपाळी लावला. "वाजव रे."

पुढच्या वर्षी तिला गादी मिळाली नाहीच. शेजारच्या नुव्हेल फ्रांस गावी एका भाजीच्या मळ्यात, ताडपत्रीखाली कीर्तनाला उभी राहिली. अर्धं रोझ बेल बसनं तिथं आलं, हॉटेलातला क्रेओल ड्रमवालासुद्धा. मरेपर्यंत तिनं देवळाकडे गादी मागितली नाही.

आरतीला हात जोडाल तेव्हा माझ्या विद्यावतीची आठवण काढा हो.