झिपरू भगताची मांडी

झिपरू भगत दवाखान्यात आला तो दोघांच्या खांद्यावर. उजवी मांडी भोपळ्यावानी सुजलेली, अंगात ताप. तारापूरच्या बिजलीघराचं बांधकाम चाललेलं, तवाची गोष्ट. कामगारांच्या दवाखान्यात मी झाडलोट करायची. मला बघून त्याचं तोंड उतरलं. उतरू दे. तीन वर्षं मी याच दिवसाची वाट बघत होते.

वाणगावच्या डोंगराकडं आमचा पाडा. तिथं भागी बाळंत झाली, सुईण मी, ठकी. दहाव्या दिवशी भागीची मांडी सुजली, पांढरीफटक पडली, आणि एका सकाळी धाप लागून भागी गेली. झिपरूनं सुपात तांदळाचे दाणे टाकले, बघितले आणि बोलला, "ठकी भुताळी हाय. तिनंच खाल्ली." मला निरगुडीच्या फोकांनी मारलं, केस कापले, हाकलून दिलं. माजी पोर आनंदी तिथंच राहिली. नवरा गर्दीत उभा होता, तोंडातून शब्द काढला नाय मेल्यानं.

दवाखान्यातला डॉक्टर मद्रासकडचा, मोडकं हिंदी बोलायचा. माजंही तसलंच. एकदा मी भागीचं विचारलं. बोलला, बाळंतिणीच्या मांडीतल्या शिरेत रक्ताची गाठ होते, ती सुटून छातीत गेली की जीव जातो. सुईणीचा दोष नाय. इतकंच होतं ते. मी मोरीत बसून रडले.

आता डॉक्टर विचारी आणि मी झिपरूला आमच्या बोलीत सांगे. दम लागतो? लघवी कमी होते? पायात काय घुसलं का? टाचेत बाभळीचा काटा मोडलेला निघाला. जांघेत लिंबाएवढा गोळा, अवधाण. डॉक्टर बोलला, दोन्ही मांड्या सुजल्या असत्या तर काळीज, मूत्रपिंड बघावं लागलं असतं. हत्तीरोग असा चार दिवसांत चढत नाय. हा काट्याचा पू. टाच चिरू, सुया देऊ, आठ दिवसांत चालेल.

"काय बोलला?" झिपरूनं विचारलं. त्याला घेऊन आलेले चिंतू आणि सुका कान देऊन उभे. मला मारणाऱ्यांत दोघंही होते.

"आधी तू सांग. तुज्या मांडीसाठी दाणे टाकले, त्यात कोणाचं नाव आलं?"

झिपरूनं तोंड फिरवलं. चिंतू खाली बघत बोलला, "तुजंच."

मी इतकी लांब, तरी माजंच. खरं जिभेवर आलेलं. काटा हाय, भागीला गाठ होती, असं सांगितलं असतं तर ते पाड्यावर पोचलं असतं, आणि कदाचित आनंदीला भेटता आलं असतं. पण झिपरू थरथरत होता, आणि ते बघून मला लय गोड वाटलं.

"हो, मीच धरलीय," मी बोलले. "मी सोडीन तवाच उतरंल."

त्यानं माज्या पायावर डोकं ठेवलं. डॉक्टरनं विचारलं, क्या हुआ? मी बोलले, सुईला घाबरला.

नवव्या दिवशी झिपरू चालत गेला. त्यानंतर त्यानं दाणे टाकले नाय, असं ऐकलं.

दिवाळीच्या आधी बोईसरच्या बाजारात आनंदी दिसली, बापाचा हात धरून. केवढी वाढलेली. मी हाक मारली. तिनं माज्याकडं बघितलं, आणि दोन्ही हातांनी आपल्या मांड्या झाकून घेतल्या.