जमनाबाईच्या तळहातावरचं भूत

“निघालं! निघालं!” बायकांच्या बराकीत गलका उठला. तीर्थाने धुऊन हळद लावलेले जमनाबाईचे तळहात रक्तासारखे लाल झाले होते.

“जुनं भूत आहे!” भीमाचार्य डोळे फिरवत गरजले. “डॉक्टरच्या गोळ्यांनी चवताळलंय! गोळ्या बंद, भूत बंद!”

बेंगळुरूतल्या त्या तुरुंगात मी, शाल्मली, मनोविकारांची डॉक्टर म्हणून आठवड्यातून दोनदा जाते. पुरुषांच्या बाजूने मला बोलावणाऱ्या चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या येतात: कोणी डोकं फोडलं, कोणी ट्यूबलाइट. बायकांकडून तेव्हा क्वचितच यायच्या. त्या जेवण टाकायच्या, दंडावर चरे ओढून पदराखाली लपवायच्या. मग ‘अंगात आलंय’ म्हणून त्यांना प्रवचनाला येणाऱ्या या आचार्यांपुढे बसवायचं.

राजाजीनगरची जमनाबाई वर्षभर खटल्याची वाट पाहत होती. आचार्यांचं ऐकून आठवडाभर तिने गोळी घेतली नव्हती. भिंतीपासून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या चालल्या होत्या.

“जमनाक्का, बसा ना.”

“स्वल्पसुद्धा बसवत नाही. ते मर म्हणतंय.”

मी तिची बाही वर सारली. ताजे चरे.

“आचार्य, आता मेट्रनबाईंचे हात तपासा.”

“छे! भूत फक्त पापी माणसाला धरतं!”

“मग घाबरायचं कशाला?”

बराकीवर देखरेख करणाऱ्या मेट्रन संयोगिता हसत पुढे झाल्या. आचार्यांच्या तांब्यातल्या ‘तीर्थाने’ हात धुऊन त्यांनी हळद चोळली. हात लालभडक! त्या किंचाळल्याच. मी पूजेच्या ताटातलं लिंबू कापून आणायला लावलं आणि त्यांच्या तळव्यांवर पिळलं. लाली गेली, हळद पुन्हा पिवळी.

“तीर्थ कसलं, चुन्याची निवळी आहे ही. चुन्याने हळद लाल होते, लिंबाने पुन्हा पिवळी.”

“म्हणजे... भूत लिंबाला भ्यालं!” आचार्य चाचरले. बायका खो-खो हसल्या. संयोगिताबाईंनी आचार्यांना दाराबाहेर काढलं.

जमनाबाई मात्र हसली नाही. “मग मला मर म्हणतं कोण?”

“आजार. औषधाने तो आटोक्यात येतो.”

“मी पापी नाही?”

“नाही.”

“सरी, बरं,” ती म्हणाली आणि दुसरी बाही तिने स्वतःच वर केली.

त्या दिवसापासून तिच्याजवळ सतत कोणीतरी बसू लागलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. महिन्याभराने ती सलग झोपू लागली. आता बायकांच्या बाजूनेही चिठ्ठ्या येतात.

तुमच्या घरातली एखादी बाई गप्प झाली, घुमू लागली, तर मांत्रिक शोधू नका. जेवलीस का, झोपलीस का, मरावंसं वाटतं का, हे तिला विचारा. आणि डॉक्टरकडे न्या.