दारचं लाकूड

वळलेल्या बोटांची पेरं लाकडावर पडली की लाकूड बोलतं. सुकं, भरीव लाकूड टणकन बोलतं, देवळातल्या घंटेच्या धाकट्या भावासारखं. ओलं असलं तर घसा बसलेल्या माणसागत बोलतं. आणि आतून खाल्लेलं लाकूड नुसतं भद्द करतं, जसं अंधाऱ्या घरातून कोणी हुंकार द्यावा आणि दार मात्र उघडू नये. अक्षरं मला मोजकीच मिळाली, दुसरीत पाटी फुटली ती फुटलीच. पण हे तीन नाद माझ्या बापाने माझ्या कानात असे भरले, की अजून कोणी सहज फळीवर बोटं वाजवली तरी माझी मान आधी तिकडे वळते आणि मग खाली जाते. आमच्या खाडीकाठच्या बोलीत काकाला काकूस, तसं बापाला बाबूस म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवतो. दुसरा वापरला तर माणूस परका होईल.

बाबूस उंच, काटक आणि ताठ. चैत्राच्या उन्हात मिठागराच्या पांढऱ्या बांधावरून तो चालत यायचा तेव्हा खालून मिठाचा आणि वरून सूर्याचा असे दोन प्रकाश त्याच्या अंगावर पडत, आणि त्या दोन प्रकाशांच्या मधे त्याची काळीभोर काया समईतल्या जळक्या वातीसारखी स्थिर दिसायची. पोटऱ्यांना खाऱ्या पाण्याच्या भेगा, खांद्याला कावडीचा घट्टा, आणि उजव्या हाताच्या पेरांवर सुपारीसारखं एक निराळंच राठपण. घट्टा मिठागराने दिलेला. ते राठपण मात्र गावाने दिलेलं होतं.

आमचं गाव डोंबिवलीच्या स्टेशनाकडे पाठ आणि खाडीकडे तोंड करून बसलेलं. गावाची रीत अशी, की कोणी गेलं तर प्रत्येक घराने सरणाला एक लाकूड द्यायचं, आणि तेही दारचं, म्हणजे आपल्या अंगणात वाढलेल्या झाडाचं. कल्याणच्या वखारीतलं विकतचं लाकूड चालायचं नाही. ज्या सावल्यांतून माणूस जन्मभर चालला, त्याच सावल्यांनी शेवटी त्याला अंगावर घ्यावं, हा त्यातला भाव. आणि मसणात नेलेलं लाकूड पुन्हा घराच्या उंबऱ्यात आणायचं नाही. सरण रचायचा मान बाबूसचा. खाडीच्या कडेला तो उभा राहायचा, एकेक घर आपलं लाकूड पुढे करायचं, तो मान कलती करून त्यावर पेरं वाजवायचा आणि ऐकायचा. त्या क्षणी वाराही जणू पाऊल न वाजवता जायचा. नाद आवडला तर लाकूड सरणावर. नाही आवडला तर बाजूला. बाजूला पडलेलं लाकूड म्हणजे त्या घराने गावासमोर खाल्लेली थप्पड. पण कोणी बोलायचं नाही, कारण त्याचा कान खोटा नव्हता.

आमच्या कुंपणापलीकडे चांगुणाकाकी राहायची, विधवा. तिचा मुलगा दामा माझ्या वयाचा, मिठागरात माझ्याच जोडीला. त्यांच्या दारात शेवग्याखेरीज झाड नव्हतं. एका मयताला दामा त्याच शेवग्याची फांदी खांद्यावर घेऊन आला. शेवग्याचं लाकूड म्हणजे नुसता भुसभुशीत ओलावा. बाबूसने पेरं वाजवली आणि हसला.

"दामा, ह्ये लाकूर हाय का भाजी? आयला सांग, आमटीत टाक."

मसणात हसू नये. पण माणसं हसली, मीसुद्धा हसलो. दामा म्हणाला, "दारात दुसरा झाड नाय, काकूस."

"मग लाव."

दामाने फांदी खाडीच्या कडेला चिखलात टाकली आणि ओठ पांढरे करून तोही हसला. पुढच्या पावसाळ्यात त्या टाकलेल्या फांदीला पालवी फुटली. शेवग्याची जातच तशी, जिथे फेकाल तिथे मुळं धरते. बाबूसने ते पाहिलं असणार.

आमच्या दारात आंबा होता, माझ्या आजोबाच्या हातचा. माघात त्याला मोहोर यायचा तेव्हा साऱ्या आळीला घामसुद्धा गोड वासाचा वाटायचा. बाबूस मिठागरावरून आला की आधी आंब्याला हात लावायचा, मग पाण्याच्या घड्याला. एके वर्षी बुंध्याशी पिवळसर भुसा पडू लागला, जणू रात्रीतून कोणी लहानशी करवत चालवून गेलं. आय रोज पहाटे तो झाडायची, आणि रोज तो पुन्हा पडलेला असायचा. भिरूड लागला होता. बोटाएवढी पांढरी अळी सालीखालून आत शिरते आणि झाडाला त्याच्याच उभ्या देहात पोकळ करते.

"आंब्यात किरा हाय," आय म्हणाली.

"म्हातारा झाला आंबा. म्हाताऱ्याला कोंडा सुटतोच. तू झार आनि गप रव."

दामा कुंपणावरून म्हणाला, "काकूस, भोकात तार घाल, राकेलच्या कापसाचा बोला कोंब. वाचंल अजून."

"तुज्या शेवग्याला घाल तार."

मी तेव्हा लग्न झालेला बाप्या होतो. मलाही दिसत होतं. पण बाबूसच्या आंब्याला भोक पडलं असं म्हणणं म्हणजे बाबूसला भोक पडलं असं म्हणणं, आणि तो धीर घरात फक्त आयला होता.

मार्गशीर्षात आंबा गेला. पानं गळली नाहीत. तांब्यासारखी वाळून जागच्या जागी लोंबत राहिली आणि वारा आला की कागदासारखी वाजत. बाबूसने तो स्वतः तोडला. तेव्हा विठ्ठलवाडीकडे छावण्यांत फाळणीची माणसं उतरली होती आणि सरपणाला नुसती मागणी होती. कल्याणच्या वखारीचा माणूस बैलगाडी घेऊन दारात आला. बाबूसने त्याला पाणी दिलं आणि परत पाठवलं. आय म्हणाली, निदान चुलीत घालू, आतला किरा तरी मरंल, शेजारच्या झाडाला नको जायला.

"ह्या आंब्यावं भात शिजाचा नाय," तो म्हणाला. "गावात जो जाईल त्याच्या उरावं माज्या आंब्याचा ओंडका. सगल्यांत पयला."

असं म्हणून त्याने ओंडके पडवीत रचले, वर गवताची पेंढी घातली, आणि ज्या राशीवरून अख्ख्या गावाच्या लाकडाचं पाणी जोखणारा तो हात रोज मायेने फिरायचा, त्या राशीवर त्याने एकदाही पेर वाजवलं नाही.

त्यानंतर गावातलं पहिलं मयत श्रावणात झालं; दामाची आजी गेली. आठवडाभर ऊन नव्हतं. आभाळ खाडीला टेकलेलं, आणि खाडी आभाळासारखीच राखी. साऱ्या गावाची लाकडं भिजलेली, आमचा ओंडका मात्र कोरडा. मी तो खांद्यावर घेतला तेव्हा हलका लागला. वाळलाय म्हणून हलका, असं मी मनाशी म्हटलं, आणि बाबूसच्या मागे चालू लागलो. त्या सकाळी तो पावसातही ताठ चालत होता.

त्याने सगळ्यांची लाकडं वाजवून घेतली. दोन घरांची बाजूला टाकली, भिजली म्हणून. मग माझ्या खांद्यावरचा ओंडका घेतला आणि न वाजवता सरणाकडे वळला.

दामा म्हणाला, "काकूस, ठोक ना."

"माजा आंबा. त्याला काय ठोकाचा?"

"सगल्यांचा ठोकलास." आवाज चढलेला नव्हता. खांद्यावर आजीच्या तिरडीचा ओरखडा होता त्याच्या. "आजी माजी हाय, काकूस."

बाबूस थांबला. मान कलती केली, सवयीने. पेरं वाजवली.

भद्द.

त्याने पुन्हा वाजवली, जरा वरच्या अंगाला. मग टोकाला. प्रत्येक ठिकाणी तोच हुंकार. तिसऱ्या ठोक्याला साल फुटली, भुशाची बारीक धार सुटली आणि तिच्याबरोबर एक पांढरी अळी त्याच्या मनगटावर पडून आळसावल्यासारखी वळवळली. कोणी हसलं नाही. त्या दिवशी कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. माणसं खाली बघत होती, आणि गावभराच्या खाली गेलेल्या नजरांच्या मधोमध माझा बाप एकटा उभा होता, हातात आपलं पोकळ झाड घेऊन. लाजेने माझ्या कानशिलांत रक्त चढलं. ते त्याच्यासाठी चढलं की त्याच्यामुळे, हे मला आजही सांगता येत नाही, आणि हेच मला सर्वांत बोचतं.

मी पुढे झालो. त्याने मला हात लावू दिला नाही. स्वतःच्या नियमाने स्वतःच चालत तो कडेपर्यंत गेला आणि ओंडका खाली ठेवला. जागा पाहिली नव्हती त्याने. पण तो ठेवला तो दामाच्या शेवग्याच्या बुंध्याशी. शेवगा तोवर माणसाच्या डोक्याच्या उंचीचा झाला होता. पावसाचं पाणी त्याच्या बारीक पानांवरून आमच्या आंब्यावर ठिबकत राहिलं.

घरी आल्यावर त्याने अंगही पुसलं नाही. पडवीतून एकेक ओंडका अंगणात ओढला आणि कुऱ्हाडीने फोडू लागला. फोडायचा, अर्धुकावर पेर वाजवायचा, ऐकायचा, पुन्हा फोडायचा. आधी मला वाटलं, राग काढतोय. नंतर कळलं, तो शोधत होता. एवढ्या मोठ्या झाडात कुठेतरी वीतभर लाकूड तरी टणकन बोलेल, अशा आशेने तो संध्याकाळपर्यंत आंबा बारीक करत राहिला, आणि संध्याकाळी अंगणात नुसत्या ढलप्या होत्या. आय म्हणाली, "पुरे आथा. झालं."

"काय झालं?" एवढंच तो बोलला.

ओल्या हवेत त्या ढलप्या पेटेनात. धूर उठला तो वर जाईना, जमिनीलगत सरपटत घराघरांत शिरला. दोन दिवस गावाच्या भाताला आमच्या आंब्याचा वास होता. चांगुणाकाकीने कुंपणावरून विस्तव दिला, आमचा पुनःपुन्हा विझत होता म्हणून. बाबूसने तो विस्तव घेतला, पण मान वर केली नाही.

त्यानंतरही गाव त्याला सरण रचायला बोलवत राहिलं आणि तो जात राहिला, पण पेरं वाजवणं संपलं. जे येईल ते लाकूड तो दोन्ही हातांवर घ्यायचा, बाळंतिणीच्या हातून मूल घ्यावं तसं, आणि अलगद ठेवून द्यायचा. किडलेलं आलं, ओलं आलं, हळूहळू वखारीचंही आलं; त्याने सगळं ठेवून घेतलं. बोटांवरचं राठपण मऊ पडत गेलं. दारात दुसरं झाड लावलं नाही. आय विचारायची, "रोप आनू का?" तो खाडीकडे बघत बसायचा.

तो गेला तेव्हा आमच्या घराकडे द्यायला लाकूड नव्हतं. बापाच्या सरणाला वखारीचं विकत आणायचं? मी हट्टाने नाही म्हणालो. हट्ट तेवढा त्याने मला भरीव दिला होता. रिकाम्या खांद्याने मसणात गेलो. गावाने आपापली लाकडं आणली आणि सवयीने माझ्यापुढे धरली. मी हात उचलला. सगळे थांबले. माझी बोटं वळली आणि वळलेलीच राहिली. कोणी म्हटलं नाही, ठोक. त्या शांततेत अख्ख्या गावाची माया होती, आणि ती माझ्या अंगावर चाबकासारखी पडली.

तेवढ्यात दामा आला. कडेच्या शेवग्याची जाड फांदी तोडून त्याने खांद्यावर घेतली होती. झाड फुलावर होतं. पांढरी फुलं त्याच्या केसांत अडकलेली.

"घे," तो म्हणाला. "तुज्या घरचं म्हून ठेव."

"तुज्या दारचं हाय त्ये."

"माज्या दारचं नाय आनि तुज्या बी नाय. 'मग लाव' म्हनला होता ना? काकूसनंच लावलेलं हाय."

मी ती फांदी बाबूसच्या छातीवर ठेवली. ती पेटायला फार वेळ लागला. आधी तिच्यातून पाणी आलं.

आता त्या जागी इमारती आहेत आणि सरणाचं लाकूड ठरल्या जागी आयतं मिळतं. माझ्या मुलाच्या बिऱ्हाडाचं दार नव्या पद्धतीचं आहे, वरून गुळगुळीत, आतून पोकळ. कोणी टकटक केली की भद्द होतं, आणि सून म्हणते, बाबा, ऐकू आलं नाही का, उघडा ना. ऐकू आलेलं असतं. म्हणूनच उठायला उशीर होतो. काळाने माणसं पोखरली, झाडं पोखरली, गावाची रीत भुसा करून वाऱ्यावर सोडली. माझ्या आत मात्र त्या श्रावणातल्या सकाळची लाज अजून जागच्या जागी उभी आहे, आणि कुठेही पेर वाजवलं तरी ती टणकन बोलते.