सपाट जागेवरची चीर

सलूनवाल्याचा उजवा गुडघा वाजायला लागला तेव्हा गिऱ्हाइकांनी आधी खुर्चीला दोष दिला. त्याने खुर्चीला तेल घातलं. आवाज तसाच राहिला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की खुर्ची गप्प आहे आणि मालक कुरकुरतोय.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. सांध्यातली गादी झिजून गेली होती, हाडावर हाड घासत होतं.

"सांधा बदलावा लागेल," डॉक्टर म्हणाले.

"नाही बदलला तर?"

"तर बसून करता येईल असा धंदा शोधा."

बसून केस कापता येत नाहीत. म्हणजे एकतर नवा गुडघा, नाहीतर दुकानाला कुलूप. त्याने मान डोलावली, तारीख घेतली, आणि त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

घरात मात्र एका माणसाला नवा हुरूप आला. ते बाबा. दुकान मूळचं त्यांचंच. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी वस्तरा खाली ठेवला होता, जीभ ठेवली नव्हती. काही वर्षांपूर्वी त्यांची बायपास झाली. त्या वेळी मुलाने त्यांना अक्षरशः मुठीत ठेवलं होतं. मीठ बंद, जिना बंद, शेजाऱ्यांशी भांडण बंद. "घाबरायचं काय त्यात? आजकाल हे सर्दी-पडशासारखं झालंय," हे वाक्य त्याने तेव्हा उठता-बसता त्यांना ऐकवलं होतं. बाबांनी ते जपून ठेवलं होतं.

"घाबरायचं काय त्यात?" बाबा सकाळी म्हणाले. "आजकाल हे सर्दी-पडशासारखं झालंय."

"मी कुठे घाबरलोय?"

"मग चहात मीठ कोण घालतंय?"

सलूनवाल्याने हातातला चमचा पाहिला आणि कप बाजूला सारला.

"ओतू नकोस, इकडे दे," बाबा म्हणाले. "किती वर्षं झाली चव कळून."

"बाबा, तुम्हाला मीठ चालत नाही," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "आणि तुम्ही हो, गिऱ्हाइकांच्या तोंडाला साबणच लावताय ना? की साखर?"

ऑपरेशनच्या आधी तपासण्यांसाठी तो दवाखान्यात गेला. तिथल्या सिस्टर ठसठशीत आवाजाच्या होत्या. त्यांनी काय खायचं, कोणत्या गोळ्या थांबवायच्या ते सांगितलं आणि शेवटी बोट उगारलं. "आणि घरी पायाला रेझर लावायचा नाही. केस आम्ही इथे मशीनने काढतो. कातडीला चीर दिसली तर डॉक्टर टेबलावर घेत नाहीत. तिथून जंतू आत जातात. सरळ तारीख पुढे."

बाकीचं सगळं सलूनवाला दारापर्यंत विसरला. एवढं मात्र मनावर कोरलं गेलं.

कारण हे त्याने पूर्वी एकदा ऐकलं होतं, बाबांच्या तोंडून. बायपासच्या आदल्या दिवशी छातीचे केस काढायला दवाखान्याचा माणूस आला. त्याच्या हातातलं बोथट ब्लेड पाहून सलूनवाल्याने त्याला बाजूला केलं आणि बापाची छाती स्वतः साफ केली. तेव्हा बाबा छताकडे बघत हळूच म्हणाले होते, "जरा लागू दे की. एवढीशी चीर. पुढे ढकलतील." आणि त्याने ताठ मानेने सांगितलं होतं, "माझ्या हातून कुणाला लागत नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्याने दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. स्वतःच्याच खुर्चीत बसला, पॅन्ट गुडघ्याच्या वर गुंडाळली, साबणाचा फेस केला, नवं ब्लेड घातलं. आरशात एक पिकल्या मिशांचा माणूस आपल्या पायाची दाढी करायला निघाला होता. त्याने त्याच्याकडे पाहायचं टाळलं. अशा वेळी वस्तरा घसरला असं म्हणायची रीत आहे. वस्तरा घसरला नाही. त्याने जागा निवडली, श्वास रोखला आणि एक छोटी चीर काढली. मग सवयीने तुरटी हातात घेतली. थांबला. तुरटी परत जागेवर ठेवली.

सकाळी दवाखान्यात डॉक्टर वाकून बघत राहिले.

"हे काय?"

"ब्लेड घसरलं."

"तुमचा धंदा काय म्हणालात?"

"केस कापतो. दाढ्याही करतो."

डॉक्टरांनी हसू दाबलं. सिस्टरना दाबायला हसू आलंच नव्हतं. जखम पूर्ण भरेपर्यंत ऑपरेशन नाही, असं ठरलं. घरी जाताना बायकोने गाडीत तोंडाचा पट्टा सोडला. "लोकांच्या गळ्यावर हात ठरतो आणि स्वतःच्या पायावर घसरतो! सांगितलं होतं ना रेझर लावू नका? कान गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवून आलात काय?" सलूनवाला हे सगळं आनंदाने ऐकत होता. गुडघा दुखत होता, पण जीव हलका झाला होता.

एकच गोष्ट खटकत होती. पुढच्या सीटवर बसलेले बाबा गप्प होते.

घरी पोचल्यावर ते म्हणाले, "पॅन्ट वर कर."

"डॉक्टरांनी बघितलंय."

"डॉक्टरांना हाडं कळतात. वर कर."

बाबांनी चष्मा लावला आणि पाय उजेडाकडे वळवला.

"वाटीच्या हाडावर लागलं असतं तर मी मानलं असतं," ते म्हणाले. "तिथे भल्याभल्यांचा हात चुकतो. ही चीर वाटीच्या खाली, आतल्या अंगाला. मऊ, सपाट जागा. इथे डोळे बांधून वस्तरा चालवला तरी लागत नाही. आणि चीर बघ कशी. पट्टी लावून ओढल्यासारखी. तुला मी शिकवलंय रे, गाढवा."

सलूनवाल्याने पॅन्ट खाली ओढली.

"मी तुझ्याकडे एक चीर मागितली होती," बाबा म्हणाले. "दिली होतीस?"

"नाही."

"मला नाही, आणि स्वतःला मात्र दिलीस. हा कुठला न्याय?"

"बाबा, तुमचं वेगळं होतं."

"काय वेगळं? माझं काळीज फाडलं होतं. तुझी तर तंगडी आहे."

"तुम्ही झोपला होतात!" सलूनवाला एकदम मोठ्याने म्हणाला. बायको दारात येऊन उभी राहिली. "तुम्ही काही बघितलं नाही. मी बघितलं. काचेतून. तोंडात नळी, गळ्यात नळी, चेहरा असा पांढरा. हाक मारली तर पापणी हलेना. तुम्ही उठलात आणि पहिल्यांदा काय विचारलंत? दुकान उघडलंस का. तुमच्या लेखी काही झालंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोरून ते अजून जात नाही. आता त्या काचेच्या आत मी."

बाबांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"बरं," ते म्हणाले. "मग या वेळी तू झोप. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी दुकानातले सगळे वस्तरे बाबांच्या ताब्यात गेले. ते रोज दुकानात येऊन बसू लागले. गिऱ्हाइकाला दाढी हवी असली की वस्तरा मोजून देत आणि मोजून परत घेत. "मालकाला हत्यार चालत नाही," असं ते सगळ्यांना सांगत. "पथ्य आहे." जखम भरत आली तशी ते ती रोज उजेडात तपासत, आणि डॉक्टरांपेक्षा कडक होते.

नवीन तारखेला सिस्टरनी स्वतः मशीन घेतलं. सलूनवाल्याने थोडा वेळ सहन केलं.

"सिस्टर, कातडी ताणून धरा. आणि मशीन जरा आडवं..."

"गिऱ्हाइकाने मान हलवायची नाही आणि तोंडही," बाबा खुर्चीतून म्हणाले.

मग ट्रॉली निघाली. बाबा बाजूने चालत होते, एक हात दांडीवर.

"घाबरायचं काय त्यात," ते म्हणाले. "आजकाल हे सर्दी... सर्दी..."

पुढचा शब्द काही आला नाही. सलूनवाल्याने पडल्या पडल्या वर बघितलं.

"बाबा, सदरा उलटा घातलाय तुम्ही."

"गप झोप रे," बाबा म्हणाले.