मधली खोली

माझ्या नावाच्या आणि आडनावाच्या मध्ये एक खोली आहे. जन्मले तेव्हा ती काडेपेटीएवढी होती. पहिलीत नाव घातलं तेव्हा कपाटाएवढी झाली. आता मी अठरा वर्षांची आहे आणि ती चौदा फूट लांब आहे.

खोली बापाच्या नावाची. लढाई संपली, गोरे शिपाई बोटीत बसून गेले, आणि छावणीमागच्या आमच्या गल्लीत नऊ पोरं राहिली. घारे डोळे, मक्याच्या कणसासारखे केस. नऊही जणांच्या नावात रिकाम्या खोल्या. त्यांतल्या यमुनाच्या आईनं तिच्या खोलीत एक मेलेला शेजारी आणून झोपवला. तो अजून खोकतो, पण यमुनाचं लग्न झालं. माझी आई सगुणा गोऱ्यांचे कपडे धुवायची. ती म्हणाली, "मी भाड्याचा माणूस ठेवणार नाही."

नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज कचेरीत चार वाजेपर्यंत द्यायचा होता. उशीर झाला की वर्ष गेलं. कारकुनानं माझ्या खोलीचं दार ढकललं आणि आत डोकावून पाहिलं.

"रिकामी आहे."

"माहीत आहे," मी म्हणाले.

दारातला शिपाई हसला. "डोळे बघा साहेब. हिला विलायतेलाच पाठवा शिकायला."

"कुणीतरी पुरुष उभा कर आत," कारकून म्हणाला. "कुठलाही चालेल. आम्ही तपासत नाही."

"मग तुम्हीच राहा."

त्यानं अर्ज माझ्याकडे परत सरकवला. तेव्हा मागच्या बाकावर बसलेली आई उठली, धुण्याचं गाठोडं काखेला मारून खोलीत गेली आणि मधोमध बसली.

"इथं बाई चालत नाही."

"हिला जन्म मी दिला, वाढवली मी. न चालायला काय झालं?"

"नियम आहे, बाई."

"मग या आत. काढा मला बाहेर."

शिपाई आत गेला. खोली लांबली. तो चालत राहिला आणि आई होती तेवढीच दूर राहिली. साडेतीनला त्याची पाठ टाचणीएवढी दिसत होती. मग कारकून उठला. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शिक्क्याला हात लावू नकोस," एवढं मला सांगून तोही आत गेला.

थोड्या वेळानं कपडे दगडावर आपटल्याचा आवाज यायला लागला. आईचा हात मी आवाजावरून ओळखते. खोलीच्या टोकाला दोरी दिसली. तिच्यावर शिपायाचा खाकी सदरा आला, मग शेजारी कारकुनाचा पांढरा. दोन्ही निथळत होते. सदऱ्यांच्या आत कुणी नव्हतं.

"लिहिलंस का गं माझं नाव?" आईनं विचारलं.

"लिहिलं."

चार वाजायला दोन मिनिटं होती. मी शिक्का उचलला. आईनं दोरीवरचे दोन्ही सदरे थोडे बाजूला सरकवले आणि पुढे कुणी अडवलं तर असू दे म्हणून तिसऱ्या कपड्यापुरती जागा केली.