चिकटपट्टीखालचं शून्य

माझ्याशी कुणी गोड बोललं की मी आधी त्याचे हात बघते. दादा म्हणतो, ही जन्मली तेव्हासुद्धा नर्सकडे डोळे बारीक करून बघत होती. म्हणू दे. घरात एक तरी माणूस जागं असलेलं बरं.

कॉलेजच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंवर माझा पहिल्या भेटीपासूनच विश्वास नव्हता. "महिन्याला दीड-दोन किलो उतरले तरी पुष्कळ झालं," त्या म्हणाल्या. "एखाद्या आठवड्यात काटा हलणारच नाही. परीक्षेच्या जागरणांत थोडं वाढेलसुद्धा. घाबरायचं नाही आणि जेवण सोडायचं नाही." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, झालं, घोंगडं भिजत ठेवायची ही पद्धत दिसते. लवकर बारीक झाले तर यांच्याकडे कोण येणार?

वर्गात मला 'रणगाडा' म्हणतात. प्रेमाने म्हणतात, असं म्हणणारेच सांगतात. मीही हसते, आणि घरी आल्यावर दार लावून रडते. हे दीड-दोन किलोंचं गणित मला परवडणारं नव्हतं.

म्हणून बाकावरच्या शेजारणीने बारीक होण्याच्या गोळ्यांचं एक पाकीट आणून दिलं. तिच्या मावसबहिणीच्या जिममध्ये मिळतं म्हणे. पाकिटावर ना नाव ना गाव, नुसतं एका बारीक कमरेचं चित्र. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या मला त्या पाकिटाचा मात्र संशय आला नाही. तरी मी तिला फोनवर सांगितलं, "सत्र संपेपर्यंत बाईंच्या पद्धतीने बघते. काटा उतरला नाही, तर मग गोळ्या." पाकीट कपाटात, स्वेटरांच्या खाली ठेवून दिलं.

वजनकाटा आमच्या बोळकांडीत, न्हाणीघराच्या दाराशी असतो. जुना, गोल तबकडीचा. शून्याच्या जागी काच तडकली म्हणून बाबांनी तिथे रुंद चिकटपट्टी लावली होती. ती आता पिवळी पडली आहे. शून्य कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. रिकाम्या काट्याची सुई त्या पट्टीखाली झोपलेली असते, आणि उभं राहिलं की बाहेर येते. सुई पुढेमागे करायचं चाक पुढच्या कडेला, तबकडीच्या खाली आहे.

दर रविवारी सकाळी मी वजन करायचे. संध्याकाळी चालायला जायचे, ताटातला भात अर्धा केला, कँटीनमधली तळणं बंद केली. आणि काटा? जागचा हलेना. मधे एकदा तर चक्क वर सरकला. आई स्वयंपाकघराच्या दारातून विचारायची, "किती गं?" मी आकडा सांगितला की तिचा चेहरा उतरायचा. मला वाटायचं, नाटक आहे. हिला मी गुबगुबीतच हवी आहे.

त्यात जीन्स सैल झाली. आनंद व्हायला हवा होता, मला संशय आला. आईने शिलाई उसवली असेल का? मी आतून टाके तपासले. जुनेच होते. मग दादावर नजर गेली. लहानपणी माझ्या दप्तरात विटा भरणारा माणूस, त्याला चाक फिरवायला कितीसा वेळ लागतो!

"तू काट्याला हात लावलास?"

"मी? मी तर त्याला घाबरतो. तू उभी राहिलीस की तो कण्हतो," दादा म्हणाला, आणि चप्पल चुकवत पळाला.

शेवटी मी सापळा लावला. एका रविवारी वजन झाल्यावर चाकापासून काट्याच्या कडेपर्यंत नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली. चाक केसभर जरी हललं तरी रेघ तुटणार. मग आठवडाभर पहारा. येता-जाता वाकून बघायचे. शनिवारी संध्याकाळीसुद्धा रेघ अखंड होती.

म्हणजे दादा निर्दोष, काटा निर्दोष. उरले मी. इतके दिवस मन मारलं ते पाण्यात गेलं, माझं अंगच मुळात खोटं, असं वाटलं आणि फार एकटं वाटलं. सत्र संपायची वाट न बघता स्वेटरांखालून पाकीट काढलं आणि एक गोळी गिळली.

थोड्या वेळाने छाती धडधडायला लागली. हात गार, तोंडाला कोरड. झोप कसली येते! रविवार उजाडायच्या आधी मी डोळे उघडे ठेवून पडले होते आणि बोळकांडीतून आवाज आला. टक. थांबून पुन्हा टक.

मी उठून दार उघडलं. काट्यापुढे, भिंतीला पाठ लावून, आई फरशीवर बसली होती. अंगठा चाकावर.

"वा!" मी म्हटलं. "म्हणजे चोर घरातच आहे. तुला मी जाडीच हवी आहे ना? सरळ सांगायचं!"

आई दचकली, पण उठली नाही. "हळू बोल, दादा उठेल. मी वाढवत नाहीये, कमी करतेय. दर रविवारी थोडं थोडं."

"कमी?"

"तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं मी. पाकीटही पाहिलं. आकडा उतरला नाही तर तू ते विष खाणार होतीस."

"मग पाकीट फेकायचं की!"

"फेकलं असतं तर दुसरं आणलं असतंस आणि नीट लपवायला शिकली असतीस. म्हटलं, आकडाच उतरवू. हे चाक डावीकडे फिरवलं की सुई मागे जाते. तुझे बाबा कंपनीच्या तपासणीआधी घरी वजन करायचे ना, तेव्हा असंच फिरवायचे आणि खुशीत दोन पोळ्या जास्त खायचे. पण तुझा आकडा काही उतरेना गं. मी दर वेळी जरा जास्तच फिरवत होते."

मी तिच्याकडे बघत राहिले. मग काट्याकडे. बाबा काट्यावर उभे राहून वरून वाकायचे. आई समोर बसली होती. तिचं डावं ते बाबांचं उजवं.

मी खाली बसले आणि चिकटपट्टी ओढून काढली. तिच्याबरोबर काचेचा तुकडा आला. सुई शून्यावर नव्हती. शून्याच्या पुढे, चांगली तीन किलोंवर उभी होती. काट्यावर काहीही नव्हतं.

आईने चष्मा लावला नव्हता. तिने तोंड तबकडीजवळ नेलं, मग माझ्या बाजूला येऊन पुन्हा पाहिलं. "म्हणजे मी चढवत होते?"

"हो."

"म्हणजे तुझं उतरत होतं."

"हो. बाई म्हणाल्या होत्या तसंच."

तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले. काम बिघडल्यावर ठेवते तसे. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मी जशी सगळ्यांकडे बघते तशी बारीक डोळ्यांनी बघतच राहिली.

"इतक्या पहाटे तू जागी कशी?"

मी काढलेली चिकटपट्टी बोटाला गुंडाळायला लागले.

"घेतलीस?"

'नाही' अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण ती ज्या हाताने चाक फिरवायची तो हात तिने दुसऱ्या हाताने आवळून धरला होता, आणि मला खोटं बोलवेना. "एक. काल संध्याकाळी. अजून धडधडतंय."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त माझं मनगट धरलं, उभी राहिली आणि खुंटीवरची ओढणी माझ्या खांद्यावर टाकली. "पाकीट घे बरोबर. दवाखान्यात दाखवायला लागेल. दादाला उठवते, गाडी काढेल."

दारात चप्पल घालताना तिला डावी-उजवी सापडेना. मी खाली वाकून तिच्या पायात चपला सरकवल्या. "आई, तीन किलो उतरलंय माझं," मी म्हटलं. "खरंखुरं."

"बोलू नकोस," ती म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "श्वास घे आधी."